कोल्हापुरातून पीएचडी: संगणक, आरोग्य आणि अभियांत्रिकीतल्या संशोधनाची सुरुवात कुठून करायची

दर वर्षी निकाल लागले की पाच-सहा जण माझ्याकडे येतात. कुणी एम.टेक. होऊन गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लागलेला असतो, कुणी फार्मसी कॉलेजात शिकवणारी असते, कुणी एमसीए करून पुण्याची नोकरी सोडून घरी परतलेला असतो. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "सर, पेटचा फॉर्म कधी सुटणार?" पेट म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा. मी विचारतो, "काय शोधायचंय?" त्यावर बहुतेक जण गप्प होतात.

मी स्वतः अभियांत्रिकी कॉलेजात नोकरी करत अर्धवेळ पीएचडी केली. डोळ्यांच्या पडद्याच्या फोटोंवरून मधुमेहाचा परिणाम ओळखणारं सॉफ्टवेअर हा विषय. संगणक, आरोग्य आणि अभियांत्रिकी असे तिन्ही उंबरे त्यात ओलांडावे लागले आणि तिन्ही ठिकाणी ठेचा लागल्या. तुमच्या वाट्याला त्यातल्या निम्म्या तरी येऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

पहिली पायरी: फॉर्मच्या आधी प्रश्न

"आर्टिफिशियल इंटेलिजन्स वापरून फाउंड्रीत (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) सुधारणा" हा विषय घेऊन येणारे मला दर वर्षी भेटतात. हा संशोधनाचा प्रश्न नाही, फार तर मथळा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत आठवडाभर जाऊन उभं राहा. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रिजेक्ट का होतं ते बघा: ब्लोहोल (वायूमुळे पडणारी पोकळी), श्रिंकेज (थंड होताना आकसणं), वाळूचे कण अडकणं. वाळूतल्या ओलाव्याच्या, ओततानाच्या तापमानाच्या नोंदी कोण ठेवतं आणि कुठल्या वहीत ठेवतं, तेही बघा. मग प्रश्न आपोआप अरुंद व्हायला लागतो. वाळूच्या चाचणीच्या नोंदींवरून ब्लोहोलची शक्यता धातू ओतण्याआधी सांगता येईल का? एका फाउंड्रीच्या नोंदींवर तयार केलेलं मॉडेल शेजारच्या फाउंड्रीत चालेल का, आणि चालत नसेल तर कशामुळे? यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. त्याचं उत्तर कोल्हापुराबाहेरही लागू पडतं, आणि पीएचडीला तेच हवं असतं.

आपल्याकडे असे प्रश्न पायलीला पन्नास आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात इथली शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण अंगावर घेतले. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या खोऱ्यांत वेगवेगळा पाऊस पडतो. त्यावरून बंधाऱ्याजवळची पातळी किती तास आधी आणि किती खात्रीनं सांगता येईल, हे संगणक आणि स्थापत्य या दोन्ही शाखांचं काम आहे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या कामगाराचे कान तपासणं हा आरोग्याचा विषय, पण तो आवाज मुळात कमी कसा करायचा हा यांत्रिकीचा. फाउंड्रीची टाकाऊ वाळू, रंगप्रक्रियेचं सांडपाणी, ऊसतोड मजुरांची तब्येत, गुऱ्हाळाच्या चुलवाणाची उष्णता: यातल्या कुठल्याही एका गोष्टीत चार-पाच वर्षं पुरेल इतकं काम आहे.

प्रश्न सापडल्यासारखा वाटला की तीन आठवडे द्या. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. तिथं तुमचा विषय आधी कुणी केलाय का ते बघा. आरोग्याचा विषय असेल तर पबमेड आणि बाकीच्यांसाठी गूगल स्कॉलर ही शोधनिबंध शोधायची संकेतस्थळं वापरून गेल्या पाच वर्षांतले वीस शोधनिबंध वाचा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: यांनी काय दाखवलं, काय राहिलं. त्याच काळात हा प्रश्न ज्यांना रोज छळतो अशा तीन माणसांना भेटा. तीन आठवड्यांनीही उत्सुकता टिकली असेल तर पुढं जा. नसेल तर प्रश्न बदला. या टप्प्यावर बदलण्याचा खर्च शून्य आहे, दोन वर्षांनी तो फार मोठा असतो.

दुसरी पायरी: कुठल्या दारातून

जवळचं आणि मोठं दार शिवाजी विद्यापीठाचं. १९६२ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात स्वतःचे विभाग आहेत, आणि संलग्न कॉलेजांतही मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत. केंद्राची मान्यता विषयानुसार असते. कॉलेज नावाजलेलं असलं तरी तुमच्या विषयाला तिथं मान्यता आहे का, हे विद्यापीठाच्या यादीत बघूनच ठरवा.

इथं संगणकवाल्यांची एक गफलत हमखास होते. कॉम्प्युटर सायन्स आणि कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग हे कागदावर दोन वेगळे विषय असतात. एमसीए किंवा एम.एस्सी. झालेल्यानं अभियांत्रिकीतल्या गाईडशी वर्षभर बोलणी करायची आणि शेवटी पात्रतेच्या रकान्यात अडकायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमची पदवी, पेटचा विषय आणि गाईडची मान्यता या तिन्ही गोष्टी एकाच विषयाच्या हव्यात.

आरोग्याकडे वळणाऱ्यांसाठी दारं वेगळी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सीपीआर रुग्णालय हे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तर कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ असल्यानं त्यांची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे. आरोग्यातली पीएचडी म्हणजे फक्त डॉक्टरांचं काम, हा समज मात्र काढून टाका. फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र शिकलेल्यांना इथं भरपूर वाव आहे. अतिग्रे इथल्या संजय घोडावत विद्यापीठाचीही वेगळी प्रक्रिया असते.

थोडं लांब बघायची तयारी असेल तर बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहेत. आयआयटी मुंबईत नोकरदारांसाठी आणि कॉलेजातल्या शिक्षकांसाठी पीएचडी प्रवेशाचे वेगळे प्रकार आहेत. आपल्या भागातल्या अनेक प्राध्यापकांना ते माहीतच नसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तिसरी पायरी: पात्रता आणि परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये बदलले. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं असेल तर ७५ टक्के. आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे पेटमध्ये, निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पात्र ठरायला ५० टक्के लागतात. प्रवेश देताना परीक्षेचे ७० आणि मुलाखतीचे ३० असा हिशेब होतो.

अभियांत्रिकीवाले संशोधन पद्धतीच्या भागात गुण घालवतात. नमुना कसा निवडायचा, गृहीतक कसं तपासायचं, कुठली संख्याशास्त्रीय चाचणी कधी लावायची, हे बी.टेक.ला कुणी नीट शिकवत नाही. महिनाभर फक्त तेवढंच करा. पुढं प्रबंध लिहितानाही ते उपयोगी पडतं.

जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. निकाल तीन गटांत लागतो: फेलोशिपसह पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी या दोन्हींसाठी पात्र, आणि फक्त पीएचडीसाठी पात्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. पीएचडी प्रवेशासाठी ते गुण एक वर्ष चालतात. संगणकाचा विषय यूजीसी नेटमध्ये आहे, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र सीएसआयआर नेटमध्ये. अभियांत्रिकीला गेट ही वेगळी राष्ट्रीय परीक्षा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

चौथी पायरी: गाईड

इथं घाई करू नका. जागा रिकामी आहे म्हणून गाईड धरला, असं करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिसऱ्या वर्षी रडवेले होऊन भेटतात.

आधी नियमाच्या बाजूनं तपासा. प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मोठं नाव ऐकून एखाद्या ज्येष्ठ सरांकडे जाण्याआधी हे हळूच विचारून घ्या. ते रागावणार नाहीत.

मग माणसाच्या बाजूनं. गेल्या पाच वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर काय प्रसिद्ध केलंय? त्यातलं एक तरी तुम्हाला वाचावंसं वाटतं का? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या सध्याच्या दोन आणि पदवी मिळालेल्या एका विद्यार्थ्याला गाठा. विभागात नको, बाहेर चहाच्या गाड्यावर भेटा. तीनच गोष्टी विचारा. लिहिलेलं किती दिवसांत वाचून परत देतात? शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं असतं? आणि थिसिस जमा करायला प्रत्यक्षात किती वर्षं लागली?

पहिला ईमेल पाच-सहा वाक्यांचा पुरे. तुम्ही कोण, त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला, त्यातून तुम्हाला कुठला प्रश्न पडला, आणि भेटायला कधी येऊ. पन्नास जणांना तोच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या.

तुमचा विषय दोन शाखांच्या मधला असेल तर सहमार्गदर्शक पहिल्या दिवसापासून कागदावर घ्या. माझ्या विषयात नेत्रतज्ज्ञ डॉक्टर "मदत करतो" म्हणाले होते आणि त्यांनी मनापासून केलीही, पण त्यांची बदली झाल्यावर माझ्या हातात काहीच उरलं नाही.

पाचवी पायरी: पैसे

पूर्णवेळ पीएचडी फेलोशिपशिवाय करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. घरच्यांचं पाठबळ असलं तरीही. चार वर्षं हात पसरताना माणूस खचतो आणि मग संशोधनही खचतं.

नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते आणि घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची सुरुवातच ७०,००० पासून होते, पण ती आयआयटीसारख्या निवडक संस्थांतच मिळते. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी विश्वेश्वरय्या योजना, अभियांत्रिकीसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप. विद्यापीठात पदव्युत्तर परीक्षेला विषयात पहिले आला असाल तर इन्स्पायर फेलोशिपचा अर्ज चुकवू नका. महिलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएचडी योजना आहे, वयाची अट २७ ते ४५.

राज्याच्या योजनांत अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी महाज्योती या संस्था फेलोशिप देतात. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. जागा मर्यादित असतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि नोंदणीचं पत्र ही कागदपत्रं जाहिरातीच्या आधीच एका फाइलमध्ये तयार ठेवा. तहसील कार्यालयातून दाखला यायला लागणारे दिवस जाहिरातीच्या मुदतीत बसतीलच असं नाही.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. प्राध्यापकांना मिळालेल्या सरकारी प्रकल्पांत संशोधन सहायकांच्या जागा निघतात. सहा महिने ते वर्षभर तिथं काम करा. पगार मिळतो, उपकरणं हाताळता येतात, आणि गाईड कसा आहे हे नोंदणीच्या आधी कळतं.

नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची असेल तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात संशोधनाला वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (नोंदणीनंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळीक दिली जाईल, हे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका, कारण वरिष्ठ बदलतात.

सहावी पायरी: आराखडा, आणि आरोग्याच्या विषयात नैतिक मंजुरी

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना चार गोष्टींवर भर द्या: प्रश्न काय, आजवर काय झालंय, तुम्ही काय आणि कसं मोजणार, आणि डेटा कुठून आणणार. शेवटचा मुद्दा बहुतेकांचा लंगडा असतो. "स्थानिक उद्योगांकडून डेटा गोळा केला जाईल" असं लिहू नका. कारखान्याच्या मालकाचं किंवा व्यवस्थापकाचं सहीचं पत्र जोडा. नोंदी प्रसिद्ध करायला हरकत नाही, की कारखान्याचं नाव लपवायचं, तेही त्या पत्रात येऊ द्या.

माणसांशी किंवा त्यांच्या तपासणीच्या नोंदींशी संबंध येत असेल तर संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आधी लागते. मी इथंच सपशेल चुकलो. एका रुग्णालयानं उत्साहानं डोळ्यांचे जुने फोटो दिले, मी सात महिने त्यांवर खुणा करत बसलो आणि मग मंजुरीला अर्ज केला. आधीच गोळा केलेल्या कामाला समितीनं मागाहून मान्यता दिली नाही. त्यांचं बरोबर होतं. ज्यांचे ते डोळे होते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सगळा संच बाजूला ठेवून, संमतीपत्र मराठीत तयार करून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतीपत्र आजरा-चंदगडच्या आजीला वाचून दाखवलं तर कळेल अशा भाषेत लिहा. समितीची बैठक किती महिन्यांनी होते ते विचारून वेळापत्रक आखा. उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी करा. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी वेगळी समिती असते. तुम्ही संगणकवाले आहात म्हणून यातून सुटका नाही.

सातवी पायरी: नोंदणीनंतरची वर्षं

किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळतात. महिलांना पूर्ण मुदतीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा घेता येते. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाचा डेटा दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोयही नियमातच आहे. कितीतरी हुशार मुलींनी हे माहीत नसल्यानं अर्ध्यात सोडलंय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढं सादरीकरण करावं लागतं. तिथं फक्त झालेलं काम दाखवू नका, अडलेलंही दाखवा. समितीच्या इतिवृत्तात तुमची अडचण नोंदलेली असली की पुढं तिचा आधार मिळतो.

२०२२ च्या नियमांनी शोधनिबंधाची देशपातळीवरची सक्ती काढली, तरी चांगल्या नियतकालिकात एक-दोन निबंध आलेले असले की व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, पाय घट्ट रोवून उभं राहता येतं. पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्यांपासून लांब राहा. आयोगानं मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे. नियतकालिकाचं संपादक मंडळ खरं आहे का, तुमच्या विषयातले जाणते लोक तिथं लिहितात का, परीक्षकांची टिपणं येतात का, एवढं बघा. वाचायला पैसे पडतात ही अडचण सरकारी संस्थांपुरती बरीच सुटलीय. 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. तुम्ही खासगी कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात तिथल्या सभासदत्वाची चौकशी करा.

उचलेगिरीच्या तपासणीत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढं दंड चढत जातो आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होऊ शकते. वाचताना घेतलेल्या टिपणातच दुसऱ्याचं वाक्य आणि आपलं वाक्य वेगळ्या रंगात ठेवलं तर हा प्रश्न मुळात उभा राहत नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात

जर्मनीसह युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएचडी ही पगारी नोकरी असते. जाहिरात निघते आणि तिला अर्ज करायचा. अमेरिकेत बी.टेक.नंतरही थेट अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इथंच नोंदणी करून सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप बघा. कुठंही गेलात तरी पहिल्या पायरीतलं टिपण तेवढंच उपयोगी पडतं.

वर्षाचं वेळापत्रक

गेटचे अर्ज ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. दोन्ही नेट जून आणि डिसेंबरच्या सत्रांत. आयआयटींच्या जाहिराती मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास. पेटची तारीख दर वर्षी हलते, म्हणून विद्यापीठाचं संकेतस्थळ दर सोमवारी उघडायची सवय लावा. आज दिवाळी झालेली असेल तर डिसेंबरच्या नेटचं बघा, आणि या रविवारी शोधगंगेवर तुमच्या विषयातला एक प्रबंध उघडून त्याचं शेवटचं प्रकरण आधी वाचा. पुढं काय करायचं राहिलंय, ते बहुतेक जण तिथंच लिहून ठेवतात.